काखेतल्या गाठी काढल्यावर हाताला आलेली सूज (आणि एकूणच न उतरणारी सूज)

मृदुला_सातारा | रविवार, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. आरोग्य विभागात शोधलं, पण यावर वेगळा धागा दिसला नाही म्हणून काढतेय.

सासूबाईंचं वय ६२. डाव्या स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, काखेतल्या गाठी काढल्या, मग केमो, मग रेडिएशन. ते सगळं पार पडलं, तपासण्याही स्वच्छ आल्या. दिवाळीच्या सुमारास त्या म्हणायला लागल्या की डाव्या हातात बांगड्या चढत नाहीत. आता कोपरापासून मनगटापर्यंत हात उघड जाड दिसतो, संध्याकाळी जास्तच. दुखत नाही, पण जड वाटतो आणि ब्लाउजची बाही रुतते. इथल्या डॉक्टरांनी लघवीची गोळी दिली. थोडे दिवस फरक वाटला, मग परत तेच. कोणी म्हणतं तेलाने रगडून मालीश करा, कोणी म्हणतं त्या हाताने पाण्याचा तांब्यासुद्धा उचलू नका, शेजारच्या काकू म्हणतात पाणी कमी प्या. ऑपरेशन झालं तिथे विचारलं तर "असं होतं कधीकधी, हात उंच ठेवा" एवढंच उत्तर.

हे बरं होतं का? आणि नक्की करायचं काय? अनुभवी लोकांनी लिहा प्लीज.


सुलभा६४ | रविवार, रात्री ११:०५

मृदुला, मी स्वतः याच बोटीत, उजवा हात. सविस्तर उद्या लिहिते. तोपर्यंत त्या हातातली अंगठी आणि बांगड्या काढून ठेवा. आजच. नंतर कापाव्या लागतात.


गौरी_फिजिओ | सोमवार, सकाळी ७:२०

मृदुला, मी पुण्यात फिजिओथेरपिस्ट आहे, कॅन्सरनंतरच्या पुनर्वसनाचंच काम करते. वर्णन लिम्फेडीमाचं, म्हणजे लिम्फचा (लसिकेचा) निचरा अडून येणाऱ्या सुजेचं वाटतंय. पण कॅन्सरनंतर एका हाताला नव्याने सूज आली की ती लिम्फेडीमाच आहे असं धरून चालायचं नसतं. शिरेत रक्ताची गुठळी आहे का, काखेत किंवा गळ्याच्या हाडाच्या वर पुन्हा काही गाठ लागते का, हे ऑन्कॉलॉजिस्टनी हाताने तपासायला हवं, शंका आली तर डॉपलर (रक्तप्रवाह बघणारी) सोनोग्राफी. ते झालं नसेल तर आधी ते करा.

आता सूज का येते ते. रक्तवाहिन्यांतून पेशींच्या अवतीभवती सतत पाणी पाझरत असतं आणि त्याबरोबर थोडी प्रथिनंही बाहेर पडतात. हे गोळा करून परत रक्तात नेऊन सोडणं हे लसिकावाहिन्यांचं काम, आणि त्यांतलं हे पाणी म्हणजेच लसिका. या वाहिन्यांच्या मागे हृदयासारखा पंप नाही. त्यांच्या भिंती आपल्या आपण आकुंचन पावतात, शेजारचे स्नायू हलले की दाब पडतो, खोल श्वास घेतला की छातीकडे ओढ लागते, आणि आत झडपा असल्यामुळे प्रवाह एकाच दिशेने जातो. हाताचा बहुतेक निचरा काखेतल्या गाठींमधून (लसिकाग्रंथींमधून) होतो. त्या काढल्या आणि वर रेडिएशनने तिथली जागा घट्ट झाली की वाट अरुंद होते. काहींचं शरीर आडवाटा शोधून काढतं, काहींचं नाही. म्हणून एकीला ऑपरेशननंतर काही महिन्यांतच सूज येते, दुसरीला तीन वर्षांनी, तिसरीला कधीच नाही. काखेतल्या गाठी पूर्ण काढलेल्या बायकांत साधारण पाचातल्या एकीला हा त्रास होतो. फक्त सेंटिनल नोड (स्तनाचा निचरा सर्वांत आधी जिथे पोहोचतो ती गाठ) काढून तपासली असेल तर शंभरात पाच-सहा जणींना. म्हणजे हे काही दुर्मीळ प्रकरण नाही, आणि "असं होतं" म्हणून सोडून देण्यासारखंही नाही.

लघवीच्या गोळीबद्दल. ती पाणी ओढून काढते, प्रथिनं तिथेच राहतात, आणि ती प्रथिनं पुन्हा पाणी धरून ठेवतात. मोरीचं तोंड तुंबलंय आणि आपण नळ बारीक करतोय असा तो प्रकार. (बीपी किंवा हृदयासाठी ती गोळी चालू असेल तर मात्र परस्पर बंद करू नका, डॉक्टरांना विचारा.) पाणी कमी पिऊनही काही साधत नाही.

प्रथिनांचं ते पाणी बराच काळ साचून राहिलं की तिथे तंतू आणि चरबी तयार व्हायला लागते. सुरुवातीला बोटाने दाबलं की खड्डा पडतो आणि रात्रभर हात उंच ठेवला की सकाळी सूज बरीच उतरते. पुढे रात्रीतून उतरणं थांबतं. त्याच्याही पुढे खड्डा पडत नाही, कातडी जाड आणि निबर होते. त्यामुळे "दुखत नाही ना, मग राहू दे" या वाक्याची मला सर्वांत जास्त चीड येते. सुरुवातीच्या पायरीवर आलेल्या पेशंटचं काम सोपं असतं आणि तेव्हाच नेमकं कुणी येत नाही.

उपचारांबद्दल संध्याकाळी लिहिते, ओपीडीला निघाले.


शंकासुर | सोमवार, सकाळी ९:४८

पुनर्नवा, गोखरू, दशमूळ. शोथावर हजारो वर्षं वापरतोय आपण. शिवाय जळवा लावून घ्या, दूषित रक्त निघून जातं, सूज बसते. आमच्या ओळखीत एकाचा पाय असाच उतरला होता. पण फुकट मिळणाऱ्या गोष्टींवर कोण विश्वास ठेवणार!


सर्जनबुवा | सोमवार, सकाळी १०:३०

शंकासुर, ओळखीतल्या माणसाचा पाय कशाने सुजला होता ते सांगाल का? व्हेरिकोज व्हेन्स, मार बसणे, गुठळी, मूत्रपिंड, लिम्फ, सगळ्यांनी पाय सुजतो. एकाचं औषध दुसऱ्याला लावण्यात अर्थ नाही.

आणि जळवा नकोत. ज्या हातातली जंतूंशी झुंजायची यंत्रणाच लंगडी झाली आहे, त्याच हाताला मुद्दाम जखमा करायच्या? जळवेच्या आतड्यात स्वतःचे जंतू असतात. प्लास्टिक सर्जरीत आम्ही त्या क्वचित वापरतो, पण अँटिबायोटिकच्या संरक्षणाखाली आणि पूर्ण वेगळ्या कारणासाठी.


अनघा_जोगेश्वरी | सोमवार, दुपारी १:१५

थोडं अवांतर होईल. माझे दोन्ही घोटे संध्याकाळी सुजतात, मोज्यांचे वळ उठतात. वय ५४, बीपीची गोळी चालू आहे. हे पण लिम्फेडीमाच का? धागा वाचून धास्ती घेतली.


सर्जनबुवा | सोमवार, दुपारी २:००

अनघाताई, बीपीच्या गोळीचं नाव बघा. अ‍ॅम्लोडिपिन असेल तर ते अगदी नेहमीचं कारण आहे, दोन्ही घोट्यांना सूज, दिवस कलेल तशी वाढणारी. डोस किंवा गोळी बदलली की बहुधा जाते. पण बदल डॉक्टरच करतील, आपण नाही. मज्जातंतूंच्या दुखण्यावरचं प्रीगॅबॅलिन, वेदनाशामक गोळ्या, स्टिरॉइड, यांनीही पाय सुजतात.

दोन्ही पायांना सारखी सूज असली की मी आधी शरीरभराची कारणं बघतो. लघवीतून प्रथिनं जाताहेत का, क्रिएटिनिन किती, यकृत, थायरॉइड, हिमोग्लोबिन, आणि चढ चढताना किंवा आडवं पडल्यावर धाप लागते का. एकाच पायाला असली तर आधी त्या पायाचाच विचार. एकाच पायाची पोटरी अचानक, एक-दोन दिवसांत सुजून दुखायला लागली तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा, कारण ती शिरेतली गुठळी असू शकते आणि ती फुप्फुसात गेली तर जीवावर बेततं. अशा पायाला चोळायचं तर मुळीच नाही.

आपल्याकडे सर्वांत जास्त दिसतात ते शिरांच्या झडपा निकामी झालेले पाय. शिक्षक, न्हावी, ट्रॅफिक पोलीस, आचारी, उभ्याचं काम करणारे सगळे. घोट्याच्या वर कातडी तपकिरी पडते, खाज येते, पुढे न भरणारी जखम होते. वर्षानुवर्षं असंच चाललं की लसिकावाहिन्याही दमतात आणि दोन्ही आजार एकत्र होतात.

घरी करण्यासारखी एक परीक्षा: पायाच्या दुसऱ्या बोटाच्या मुळाशी, वरच्या बाजूला, कातडी चिमटीत धरून उचला. सहज उचलली जात नसेल तर लिम्फेडीमाची शंका बळकट होते. स्टेमर नावाच्या डॉक्टरांची ही खूण. उचलली गेली म्हणून मात्र लिम्फेडीमा नाहीच असं म्हणता येत नाही.


हाइडलबर्गकर | सोमवार, दुपारी ४:५०

मला जन्मापासूनचा नाही, पण वयात येताना डाव्या पायाला सुरू झालेला लिम्फेडीमा आहे. ना ऑपरेशन, ना कॅन्सर, ना डासातून येणारा हत्तीपाय. वाहिन्याच मुळात कमी किंवा कच्च्या. याला प्रायमरी म्हणतात. कोल्हापुरात असताना वर्षानुवर्षं "मुरगळला असेल" वर भागवलं. जर्मनीत नोकरीला आल्यावर निदान झालं.

इथे डॉक्टर चिठ्ठीवर हाताने करायचं लिम्फ ड्रेनेज लिहून देतात, सरकारी विम्यात बसतं, आणि मापाने विणलेले मोजे मिळतात. ही पद्धत डेन्मार्कच्या एमिल व्होडर आणि त्यांच्या पत्नी एस्ट्रिड यांनी १९३० च्या दशकात बसवली. सुरुवात झाली ती फ्रान्समधल्या कान शहरात, सततच्या सर्दीने गाठी सुजलेल्या लोकांवर हात चालवून. नंतर जर्मनीत फोल्डी दांपत्याने त्याला बँडेज, व्यायाम आणि कातडीच्या निगेची जोड देऊन पूर्ण उपचार तयार केला.

मी हे का लिहितोय, तर मालीश या शब्दाने आपल्याकडे घोळ होतो. आपलं मालीश म्हणजे अंगात जोर असलेला माणूस आणि तिळाचं तेल. इथली बाई कातडी जेमतेम हलवते. पहिल्यांदा मला वाटलं ही काही करतच नाहीये. आणि सुरुवात सुजलेल्या पायापासून नाही, मानेपासून आणि पोटापासून. आधी पुढची वाट मोकळी, मग मागचं पाणी पुढे.


गौरी_फिजिओ | सोमवार, रात्री ९:१५

हाइडलबर्गकर, +१. लसिकेच्या सूक्ष्म वाहिन्या कातडीच्या लगेच खाली असतात. जोरात रगडलं की त्या दबतात आणि रक्तपुरवठा वाढून पाणी उलट जास्त पाझरतं. त्यामुळे गरम शेक, वाफ, सॉना हेही त्या हाताला नको.

पण एक कटू सत्य सांगते. सगळ्यांना हलक्या हाताचं ड्रेनेजच हवं असतं, कारण त्यात बरं वाटतं आणि दुसरं कुणीतरी करतं. खरं काम करतं ते बँडेज. नुसतं ड्रेनेज करून हात मोकळा सोडला तर संध्याकाळपर्यंत पाणी परत येतं.

पहिला टप्पा साधारण दोन ते चार आठवड्यांचा. आधी हात धुऊन, पुसून, मॉइश्चरायझर. मग सुती नळीसारखं कापड, बोटांना स्वतंत्र पातळ पट्ट्या, त्यावर फोम किंवा कापसाचा थर, आणि त्यावर शॉर्ट स्ट्रेच बँडेजचे थर. बोटांकडे दाब जास्त, खांद्याकडे कमी. हे बँडेज फारसं ताणलं जात नाही. तुम्ही हात हलवला की स्नायू आतून फुगतो, बाहेरून बँडेज हटत नाही, आणि मधल्या मधे पाणी ढकललं जातं. हात स्वस्थ असताना त्याचा दाब कमी असतो म्हणून ते रात्रीही ठेवता येतं. मेडिकलमध्ये मिळणारं साधं क्रेप बँडेज याच्या बरोबर उलटं वागतं, स्वस्थ असतानाही आवळत राहतं आणि एका जागी गोळा होऊन काचतं. यूट्यूब बघून क्रेप गुंडाळलेले हात मी रोज सोडवते. बँडेज बांधल्यावर बोटं निळी पडली, मुंग्या आल्या, दुखलं तर सोडायचं, सहन करायचं नाही.

हात उतरायचा थांबला की दुसरा टप्पा, म्हणजे कॉम्प्रेशन स्लीव्ह (हातावर दाब ठेवणारी घट्ट बाही). दिवसा घालायची, रात्री काढायची. हातासाठी बहुतेक वेळा २० ते ३० मिलिमीटर पारा एवढ्या दाबाची. तळहात सुजत असेल तर सोबत हातमोजा हवाच, नाहीतर सगळं पाणी पंजात उतरतं. मात्र सुजलेल्या हाताचं माप देऊन स्लीव्ह घेऊ नका. आधी उतरवायचं, मग माप. आणि रोज वापरातली स्लीव्ह साधारण सहा महिन्यांत सैल पडते, तेव्हा बदलायची.

मृदुला, तू विचारलंस बरं होतं का. गाठी परत उगवत नाहीत, त्यामुळे मुळापासून जाईल असं मी सांगणार नाही. पण हात इतका आटोक्यात राहू शकतो की समोरच्याला कळतही नाही. अट एकच, मधुमेहासारखी रोजची निगा. सुट्टी नाही.

तांब्या न उचलण्याबद्दल: ही समजूत आता मोडायला हवी. २००९ मध्ये अमेरिकेत १४१ बायकांवर झालेल्या चाचणीत, हाताला आधीच सूज असलेल्यांना देखरेखीखाली हळूहळू वजन उचलायला लावलं. सूज वाढली नाही, उलट अधूनमधून भडकण्याचं प्रमाण कमी झालं. हळूहळू आणि देखरेखीखाली हे शब्द विसरू नका, उद्या लगेच गहू निवडून पोतं उचलायला लावू नका. आणि व्यायाम करताना स्लीव्ह घातलेली हवी.


सुलभा६४ | मंगळवार, दुपारी १२:३०

गौरी, किती नीट लिहिलंस. आता माझा संसारी अनुभव.

बँडेज बांधलेल्या हाताने पोळ्या होत नाहीत. खरंच होत नाहीत. कणीक भिजवताना बँडेजला लागते. तेवढ्या आठवड्यांसाठी घरच्यांनी पोळ्या लाटाव्यात किंवा पोळीवाल्या बाई लावाव्यात, आणि त्यावरून बाईला अपराधी वाटू देऊ नये. मी तर यजमानांना कुकर लावायला शिकवला, हा या आजाराचा एकमेव फायदा.

स्वयंपाकघरात त्या हाताला भाजणं, चिरणं टाळायचं. विळी माळ्यावर टाकली, सुरी आणि पाट घेतला. कढईतलं तळण उजव्या हाताने करत होते ते डाव्याने शिकले. कुंडीत माती उकरताना रबरी हातमोजा. नखांच्या कडेची कातडी कातरायची नाही. काखेतले केस ब्लेडने नाही, इलेक्ट्रिक ट्रिमरने. डास चावला की खाजवायचं नाही, आणि हे सगळ्यात अवघड आहे.

उन्हाळ्यात स्लीव्ह नकोशी होते, हे कुणी सांगत नाही म्हणून सांगते. डोंबिवलीत मे महिन्यात ती घालून लोकलमध्ये उभं राहणं म्हणजे तप आहे. दोन स्लीव्ह ठेवा, एक धुवायला एक घालायला. धुणं हाताने, सौम्य साबणाने, सावलीत वाळत. मशीनच्या ड्रायरमध्ये नाही, इस्त्री तर नाहीच. सकाळी अंघोळीनंतर लगेच घालायची नाही, कातडी पूर्ण कोरडी होऊ द्यायची, नाहीतर चढत नाही आणि घामोळं येतं. रबरी हातमोजे घालून चढवली तर पकड चांगली बसते.


शंकासुर | मंगळवार, दुपारी ३:१०

जळवांचा मुद्दा मागे घेतो. पण आयुर्वेदाला सरसकट झोडपू नका. केरळात कासारगोडला इन्स्टिट्यूट ऑफ अप्लाइड डर्मेटॉलॉजी आहे, तिथे हत्तीपायाच्या रुग्णांवर आयुर्वेद, योग आणि आधुनिक औषधं एकत्र वापरून उपचार होतात, आणि त्यांचं काम परदेशी नियतकालिकांतही छापून आलंय.


गौरी_फिजिओ | मंगळवार, रात्री ८:४०

झोडपत नाही. कासारगोडचं काम मला माहीत आहे आणि आदर आहे. पण तिथला दिनक्रम नीट बघा: पाय धुणं, औषधी काढ्यात भिजवणं, हलक्या हाताने विशिष्ट दिशेने तेल, श्वासाचे आणि योगाचे व्यायाम, आणि त्यानंतर बँडेज. म्हणजे कातडी, हालचाल, दाब. तुम्ही त्यातलं पुनर्नवा उचललंत आणि बँडेज सोडून दिलंत. कॅन्सरच्या गोळ्या चालू असतील तर काढे परस्पर सुरू करू नयेत, एवढंच म्हणेन.


बाप्पू_चंद्रपूर | मंगळवार, रात्री १०:२०

राम राम मंडळी. हत्तीपायाचा विषय निघाला म्हणून लिहितो. मी हिवताप विभागातून निवृत्त झालो. नोकरीचा बराच काळ हत्तीरोगात गेला.

आमच्या विदर्भात ही सूज काखेतून नाही, डासातून येते. नागपूर, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली, वर्धा, सगळीकडे जुने रुग्ण आहेत. क्युलेक्स डास गटारात, डबक्यात, संडासाच्या टाकीत वाढतो. त्याच्या चाव्यातून वुचेरेरिया बँक्रॉफ्टी नावाचा धाग्यासारखा जंत अंगात शिरतो आणि लसिकावाहिन्यांत घर करून वर्षानुवर्षं राहतो. त्याची पिल्लं रात्री रक्तात उतरतात, दिवसा सापडत नाहीत. म्हणून आमची रक्त तपासणी रात्रीची. साडेआठनंतर गावात शिरायचं, लोक जेवून झोपायच्या बेतात, कुत्री मागे लागलेली, आणि आम्ही दार वाजवून म्हणणार, बाप्पा, बोट पुढं करा. शिव्या खाल्ल्या, चहाही प्यायलो.

गोळ्यांच्या मोहिमेत तर अजून मजा. वर्षातून एकदा सगळ्यांना डीईसी आणि अल्बेंडाझोल, ही जंतांवरची औषधं. नागपूर जिल्ह्यात २०१९ साली त्यात आयव्हरमेक्टिनही आलं, त्याचा डोस उंचीवर ठरतो. लोक म्हणत, "आमचे पाय तं बरे हायेत, आमाले काहून देता?" अहो, पाय सुजेपर्यंत थांबलं तर उशीर झाला. जंत अंगात असूनही माणूस वर्षानुवर्षं ठणठणीत दिसतो आणि डासामार्फत शेजाऱ्याला देत राहतो. गरोदर बाई, दोन वर्षांखालचं लेकरू आणि फार आजारी माणूस सोडून सगळ्यांनी समोर उभं राहून गोळी खायची. खिशात टाकली की ती मोरीत जाते, हे आम्हाला माहीत आहे. देशाचं उद्दिष्ट २०२७ पर्यंत हा रोग संपवायचं आहे.

पण एकदा पाय सुजला की गोळीने उतरत नाही. तिथून पुढे तुमच्यासारखंच, निगा. शिबिरात आम्ही टब, मग, साबण, टॉवेल आणि मलम देऊन पाय धुवायला शिकवायचो. रोज साध्या पाण्याने आणि साबणाने, कातडीच्या घड्याघड्यांतून आणि बोटांच्या बेचक्यांतून धुवायचं आणि तितकंच नीट कोरडं करायचं. पावसाळ्यात रोवणीला चिखलात उभ्या बायांना चिखल्या होतात. त्या फुटलेल्या कातडीतून जंतू शिरतात आणि मग हुडहुडी भरून ताप, जांघेत अवधाण (सुजलेली गाठ), पाय लाल आणि गरम. प्रत्येक तापानंतर पाय आधीपेक्षा थोडा जाड होऊन बसतो. चिखल्या आवरल्या तर ताप आवरतो, ताप आवरला तर पाय आवरतो. आमच्या एका रुग्ण बाईने फक्त धुणं, चिखल्यांचं मलम आणि चप्पल यावर दर पावसाळ्यातला ताप थांबवून दाखवला. पाय बारीक झाला नाही, पण रोजी बुडायची थांबली.

अंडवृद्धीही याच जंताने होते. पुरुष लाजेने लपवतात. त्यावर साधं ऑपरेशन आहे, सरकारी दवाखान्यात होतं.

आणि हो, संडासाच्या व्हेंट पाइपाला जाळी बांधा. खर्च दहा-वीस रुपयांचा.


सुलभा६४ | मंगळवार, रात्री १०:५५

बाप्पूकाका, अप्रतिम प्रतिसाद. ताप थांबला हेच खरं, पटलं.


हाइडलबर्गकर | मंगळवार, रात्री ११:३०

वाचनखूण साठवली. काका, तुम्ही वेगळा लेख लिहाच.


सर्जनबुवा | बुधवार, सकाळी ८:१०

बाप्पूंनी तापाचं सांगितलं ते हातालाही लागू आहे, म्हणून ठळक लिहितो. सुजलेल्या हातावर किंवा पायावर अचानक लाली, गरमपणा, दुखणं, आणि सोबत थंडी वाजून ताप, हे सेल्युलायटिस, म्हणजे कातडीतला जंतुसंसर्ग. जुनी माणसं धावरं म्हणतात ते याच घरचं. काही तासांत पसरतं. त्याच दिवशी अँटिबायोटिक सुरू व्हायला हवं, उलट्या किंवा गुंगी असेल तर अ‍ॅडमिट. लालीच्या कडेला पेनने रेघ मारून ठेवा म्हणजे पसरतेय का ते कळतं. त्या काळात बँडेज, स्लीव्ह, ड्रेनेज, व्यायाम सगळं बंद, अवयव उंच ठेवून आराम. ज्यांना वारंवार होतं त्यांना डॉक्टर काही महिने पेनिसिलिनचा लहान डोस चालू ठेवतात. प्रवासाला जाताना गोळ्यांची चिठ्ठी सोबत असलेली बरी.

बीपीचा पट्टा आणि सुई त्या हाताला नको असं वर्षानुवर्षं सांगितलं गेलं. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या बॉस्टनमधल्या मोठ्या अभ्यासात बीपी मोजणं, रक्त काढणं आणि विमानप्रवास यांचा सूज वाढण्याशी संबंध दिसला नाही. वाढलेलं वजन, सेल्युलायटिस, काखेतल्या गाठी पूर्ण काढणं आणि तिथलं रेडिएशन, यांचा दिसला. दुसरा हात मोकळा असेल तर तोच वापरावा, मी अजूनही तसंच सांगतो. पण अपघाताच्या वेळी नर्सशी भांडत बसू नका, आणि बीपी मोजलं गेलं म्हणून रात्रभर जागू नका. जागायचंच असेल तर वजनाच्या काळजीने जागा.

दाबाचा उपचार सगळ्यांना चालत नाही. पायात धमन्यांचा रक्तपुरवठा कमी असेल, विशेषतः तंबाखू ओढणारे आणि जुने मधुमेही, तर आवळलेलं बँडेज पायच घालवू शकतं. आधी घोट्याची नाडी आणि डॉपलर. हृदय कमजोर असून ते आटोक्यात नसेल तरी थांबायचं.

ऑपरेशनबद्दल व्यक्तिगत निरोपात दोघांनी विचारलं. आहे. जपानच्या इसाओ कोशिमा यांनी रुळवलेल्या पद्धतीत मिलिमीटरहूनही बारीक लसिकावाहिनी शेजारच्या बारीक शिरेला जोडतात. दुसरीत शरीराच्या दुसऱ्या भागातून गाठी आणून लावतात. दोन्हींचा फायदा सूज अजून मऊ आहे तोवर जास्त. चरबी होऊन कडक झालेल्या हातातून ती शोषून काढायची पद्धत स्वीडनच्या हॉकन ब्रोर्सन यांनी दाखवली, पण त्यानंतर स्लीव्ह जन्मभर, रात्रंदिवस. आपल्याकडे मुंबई, कोची इथल्या मोठ्या केंद्रांत ही कामं होतात. ऑपरेशन केलं म्हणजे स्लीव्ह सुटली असं कुणी आश्वासन देत असेल तर उठून या.


शंकासुर | बुधवार, सकाळी ९:००

"वजनाच्या काळजीने जागा" हे डॉक्टरांनी स्वतःचा फोटो टाकून सिद्ध करावं.


सर्जनबुवा | बुधवार, सकाळी ९:०४

पुढचा प्रश्न.


अनघा_जोगेश्वरी | शनिवार, संध्याकाळी ६:००

अ‍ॅम्लोडिपिनच निघालं. डॉक्टरांनी गोळी बदलली, लघवी आणि थायरॉइड तपासलं, दोन्ही ठीक. घोटे दिसायला लागले.


मृदुला_सातारा | पुढचा महिना, शुक्रवार, रात्री ९:५०

उशिरा लिहितेय, सगळ्यांचे आभार. ऑन्कॉलॉजिस्टना दाखवलं, डॉपलर केलं, गुठळी नाही, गाठ नाही. लघवीची गोळी त्यांनीच थांबवली. गौरीताईंशी इथल्या विचारपुशीतून बोलून साताऱ्याहून पुण्याला जाऊन येऊन बँडेज शिकलो. सुरुवातीला तिथे, मग मी घरी बांधायला लागले. सासऱ्यांनी बँडेज गुंडाळून रोल करून ठेवायचं खातं घेतलंय, सोडलेलं बँडेज त्यांना दिसलं की लगेच हातात घेतात. मनगटापासून दर चार सेंटिमीटरवर पेनने खुणा करून दोन्ही हातांची मापं वहीत लिहितो, नेहमी सकाळीच. कोपराखालचा फरक निम्म्यावर आलाय. पंजा पूर्ण उतरला.

पुढच्या आठवड्यात स्लीव्हचं माप. पण आता नवा पेच. मे महिन्यात भाच्याचं लग्न आहे आणि सासूबाई म्हणतात, "त्या दिवशी मी ती कातडी रंगाची नळी घालणार नाही, लोक विचारतात काय झालं." मी काही बोलले नाही. एक दिवस नाही घातली तर चालेल का?


गौरी_फिजिओ | शुक्रवार, रात्री १०:३०

लग्नाचा दिवस म्हणजे तासन् तास उभं राहणं, ऊन, जड साडी, पिशव्या उचलणं. नेमक्या त्या दिवशी नको काढायला. फोटोपुरती तासभर काढली तर काही बिघडत नाही, विधी झाले की परत. प्रवासात तर हवीच. आणि त्या हातात घट्ट चुडा भरू देऊ नका, कासाराला आधीच सांगा, सैल दोन बांगड्या पुरेत.


सुलभा६४ | शुक्रवार, रात्री १०:४५

मृदुला, लांब बाहीचं ब्लाउज शिवून घ्या त्यांना, कोपराखालपर्यंत. सध्या फॅशनमध्येच आहे. शिंप्याला स्लीव्ह घालून माप द्यायचं आणि डाव्या बाहीत शिवणीला अर्धा इंच जास्त माया ठेवायला सांगायचं. अस्तर सुती. काखेत पाइपिंग नको, काचतं. स्लीव्ह काळ्या रंगातही मिळते, काळ्या किंवा गर्द जांभळ्या ब्लाउजखाली कळतच नाही. माझ्या मुलीच्या लग्नात मी तशीच वावरले. तरी कुणी विचारलंच तर सांगायचं, हाताला पट्टा आहे, आणि पंगतीकडे वळायचं.